उंदीरच आहे ना, त्याला कशाला नाव?

मंडळी, आजची पोस्ट उंदरावर आहे. आधी हसून घ्या. पाणी, रस्ता, कापसाचा भाव, मक्याची खरेदी सोडून हा माणूस उंदरावर कुठं घसरला, असं वाटणार. वाटू द्या. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

झालं असं की घाटाच्या वरच्या अंगाला, रानाला लागून ज्यांचं शेत आहे असे आमचे एक मामा आहेत. सख्खे नाहीत, गावच्या नात्यातले. मका सोंगून कणसांचा ढीग घातला होता, त्याच्याजवळ रात्री पिंजरा लावलेला. सकाळी सकाळी फोन आला. "भाचे, जरा फोटो बघा. हे जनावर वेगळंच दिसतंय. शेपूट बघा त्याची." फोटो बघितला. घरातल्या उंदरापेक्षा थोराड, कान मोठे, आणि शेपूट अर्धी काळपट अन् पुढं टोकापर्यंत पांढरी. मामा म्हणाले, "हा घरातला नाही, रानातला आहे. आमचा म्हातारा ह्याला दुसरंच काहीतरी म्हणायचा. आता नाव आठवत नाही."

मी तो फोटो उंदरांवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला पुढं पाठवला. दुपारी उत्तर आलं. फोटोवरून खात्रीनं सांगता येत नाही, पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर असू शकतो, नमुना ठेवलाय का? मी लगेच मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "उकिरड्यावर टाकला होता. कुत्र्यानं नेला."

संपला विषय. तो उंदीर कोण होता हे आता कुणीच सांगू शकत नाही.

आता माझीच चूक आधी सांगतो. त्याच आठवड्यात मी बातमी दिली होती, 'उंदरांचा सुळसुळाट, शेतकरी हैराण'. तीन कॉलम. इतकी वर्षं बातमीदारी करतोय, अशा बातम्या किती दिल्या असतील त्याची मोजदाद नाही. पण कोणता उंदीर, हा प्रश्न एकदाही विचारला नाही. शेतकऱ्याला नाही, कृषी सहायकाला नाही, स्वतःला तर नाहीच. बिबट्या आला तर नर की मादी, वय किती, पिल्लं किती, सगळं विचारतो. उंदराला एकच शब्द, आणि तोही अनेकवचनात.

खरं तर आपल्या भाषेत शब्द नाहीत असं नाही. घूस वेगळी, उंदीर वेगळा, चिचुंद्री वेगळी हे लहान पोरालाही कळतं. गंमत बघा, ज्या चिचुंद्रीला आपण उंदराची बहीण समजतो ती उंदराच्या कुळातलीच नाही. ती किडे खाणारी, तिचे दात वेगळे, घराणं वेगळं. खार मात्र उंदराच्या लांबच्या भाऊबंदकीतली. दिसण्यावर गेलं की असं फसायला होतं.

आणि शास्त्राच्या पुस्तकात जी नावं आहेत ती तरी कुठून आली? आपल्या काळ्या रानात, भेगांमध्ये राहणारा मऊ केसांचा एक शेतउंदीर आहे. त्याचं शास्त्रीय नाव मिलार्डिया मेलटाडा. हा मेलटाडा शब्द लॅटिन नाही, ग्रीकही नाही. वॉल्टर एलियट नावाचा इंग्रज अधिकारी धारवाडकडं, तेव्हाच्या दक्षिण मराठा मुलखात नोकरीला होता. त्यानं तिथल्या सस्तन प्राण्यांची यादी केली, ती १८३९ मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात छापून आली. त्यात प्राण्यांची स्थानिक नावं त्यानं लिहून घेतलीत. ह्या उंदराला वडार लोक 'मेट्टाडे' म्हणायचे. लंडनच्या संग्रहालयातल्या ग्रेसाहेबानं १८३७ मध्ये नाव छापताना मेट्टाडेचं मेलटाडा केलं आणि ते तसंच चिकटलं. म्हणजे आज जगभरातला प्राणिशास्त्रज्ञ त्या उंदराचं नाव घेतो तेव्हा मोडक्या उच्चारात वडारांचाच शब्द बोलतो. ज्यांनी तो उंदीर खणून काढला, ओळखला, खाल्ला, त्यांचं नाव कुठं नाही. शब्द तेवढा राहिला.

एलियटनं आणखी एक गोष्ट लिहून ठेवलीय ती आपल्या शेतकऱ्यानं वाचावी अशी आहे. १८२६ साली पाऊस नव्हता. एरवी पावसाळ्यात भेगा बुजतात, बिळात पाणी जातं, बरेच उंदीर मरतात. त्या वर्षी मेले नाहीत. मग पेरलेलं बी त्यांनी खाल्लं, उरलेली ज्वारी निसवल्यावर ताटावर चढून कणसं कातरली. शेतंच्या शेतं गेली, सारा भरायला पैसा राहिला नाही. लोकांनी वडारांना लावलं, इतक्या डझनाला एक माप धान्य असा ठराव. त्यांनी हजारोंनी मारले, पण उंदीर काही कमी दिसेनात. दोनशे वर्षांपूर्वीची ही नोंद. ती उपयोगी पडते कारण त्या माणसानं 'उंदीर' एवढंच लिहून सोडलं नाही. कोणता, राहतो कुठं, पावसानं त्याचं काय होतं, हे लिहिलं. माझ्या तीन कॉलमच्या बातमीत यातलं काही नव्हतं.

आता वर्गीकरण म्हणजे काय भानगड असते ते आपल्या भाषेत सांगतो. सातबारा डोळ्यासमोर आणा. शास्त्रीय नावाला दोन भाग असतात, पहिलं आडनाव, दुसरं नाव. आडनाव म्हणजे प्रजाती, तिच्यात जवळचे भाऊबंद येतात. पुढचं नाव त्या एका जातीचं. पहिल्यांदा ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो नमुना संग्रहालयात जपून ठेवतात. तो झाला हद्दीचा दगड. उद्या वाद निघाला तर मोजणी त्या दगडापासून होते. आणि नवीन पुरावा आला, कुणी कवटी नीट मोजली, दात तपासले, तळपायाच्या गाद्या मोजल्या, आता डीएनए काढला, की फेरफार होतो. आडनाव बदलतं. जनावर तेच, खातं बदलतं. फेरफाराला कुणी हसत नाही आपण, कारण त्यावर जमीन अवलंबून असते. तसंच इथंही कशावर तरी अवलंबून असतं.

मामांच्या पिंजऱ्यातला उंदीर पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर होता असं धरू. (होताच असं मी म्हणत नाही, म्हणता येत नाही हेच तर रडगाणं आहे.) त्या जातीचे फेरफार बघा. ऑल्डफील्ड थॉमस यांनी १८८१ मध्ये आंध्रातल्या कडप्याच्या नमुन्यावरून वर्णन केलं. नाव दिलं भूगर्भशास्त्रज्ञ ब्लॅनफोर्ड यांचं, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणं आडनाव लावलं 'मुस'. पुढं 'रॅटस' झालं. मग 'क्रेम्नोमिस'. आता 'मॅड्रोमिस'. चार आडनावं, उंदीर एकच.

ह्यात बिघडलं काय? सांगतो. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडं माकडतापाचा रोग सापडला. माकडं मरायची, जंगलात जाणारी माणसं तापानं फणफणायची, गोचिडीतून पसरायचा. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या लोकांनी मग जंगलातले उंदीर, चिचुंद्र्या पकडून तपासल्या. कारण लहानपणी गोचीड ह्या बारक्या जनावरांवरही वाढते. ज्यांच्यात विषाणू मिळाला त्यात हा पांढऱ्या शेपटीचा उंदीरही होता, पण त्या जुन्या कागदांत तो 'रॅटस ब्लॅनफोर्डी' आहे. आज एखादा पोरगा 'मॅड्रोमिस' शोधायला बसला आणि त्याला फेरफार माहीत नसला, तर ते कागद त्याला सापडणारच नाहीत. माकडताप आता सिंधुदुर्गात आलाय, २०१६ पासून बांदा-दोडामार्गकडं रुग्ण सापडलेत. आपल्याकडं नाही, आणि येतोय असंही मी म्हणत नाही. उगाच फॉरवर्ड करून घबराट करू नका. एवढंच, की नाव हा नुसता पुस्तकी विषय नाही.

आता महाराष्ट्रातली सगळ्यात जवळची गोष्ट. सिंहगडावर आपण जातो, पिठलं-भाकरी, दही खाऊन येतो. त्याच गडाच्या माथ्यावर एक उंदीर राहतो, त्याची शास्त्रात नोंद झाली १९७५ मध्ये. शास्त्राच्या हिशोबानं ही कालपरवाची गोष्ट. अजिंठ्याची लेणी जॉन स्मिथनं १८१९ मध्ये बघितली, त्यानंतर दीडशेवर वर्षांनी, पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघराच्या उशाला असलेल्या गडावर नवीन जात निघाली! वर्णन करणारे दोघे, मिश्रा आणि धांडा, त्याच विषाणू संस्थेतले. म्हणजे उंदीर हा त्यांचा मुख्य धंदाच नव्हता. त्यांना पिसवा आणि गोचिडी बघायच्या होत्या, त्या कुणाच्या अंगावर आहेत हे नीट लिहायचं होतं, म्हणून उंदीर नीट बघितला. बघता बघता लक्षात आलं की हा आपला नेहमीचा मेट्टाडे नाही, त्याचा थोराड भाऊ आहे. आख्खी मिलार्डिया प्रजाती त्यांनी पुन्हा तपासली आणि नवीन जातीला नाव दिलं मिलार्डिया कोंडाना. गडाचं जुनं नाव. ह्यातले मिश्रा पुढं त्याच संस्थेचे, म्हणजे आताच्या एनआयव्हीचे, संचालक झाले.

ही गोष्ट मला फार आवडते. कुठल्या मोठ्या मोहिमेत नाही, नेहमीचं काम नीट करताना सापडलेला उंदीर. बाजूला टाकला असता तर कुणाला कळलं असतं?

पण पुढचं ऐका. ह्या कोंडाणा उंदराची कैक वर्षं नोंद होती ती फक्त सिंहगडाच्या माथ्याची, जेमतेम चौरस किलोमीटरभर जागेची. जगाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत तो गेला. कारणं तीच, चराई, गर्दी, पर्यटन, जागा आक्रसणं. आणि त्याच वेळी आपल्या देशाच्या कायद्यात तो काय होता? उपद्रवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवं परिशिष्ट होतं, त्यात उपद्रवी प्राण्यांची यादी. कावळा, फळं खाणारी वटवाघळं, आणि इंग्रजीत फक्त दोन शब्द, माइस आणि रॅट्स. जात नाही, नाव नाही, सरसकट. वाघाला नाव, हरणाला नाव, उंदराला 'उंदीर'. म्हणजे जगात फक्त महाराष्ट्रात राहणारा, धोक्यात असलेला प्राणी कायद्यानं कुणीही, कितीही मारावा असा. का? तर त्याचं आडनाव उंदीर.

२०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि ते उपद्रवी परिशिष्ट गेलं. पन्नास वर्षं लागली. चांगलं झालं, पण माझं मत विचाराल तर परिशिष्ट कागदावरून गेलं, डोक्यातून नाही. मामांच्या उंदराचा फोटो मी एका कर्मचाऱ्याला दाखवला (खातं सांगत नाही, तो बिचारा चांगला माणूस आहे) तर तो म्हणाला, "साहेब, उंदीरच आहे ना? त्याला कशाला नाव?" ह्या पोस्टचं शीर्षक त्याचंच.

नाव, पत्ता, लेबल याला किंमत काय असते ह्याचा आपल्या बाजूचाच एक किस्सा आहे. रानपिंगळा तुम्ही ऐकला असेल. ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णन केलेलं छोटं घुबड. खानदेशात, शहाद्याकडं डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकात त्याचे नमुने जमवले, १८८४ नंतर खरा नमुना नाही. सगळे म्हणाले संपला पक्षी. पण एक नमुना असा होता की त्याच्या लेबलावर १९१४, तापीकाठचं मांडवी, गुजरात, असं लिहिलं होतं. तो कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातला. मग लोक गुजरातेत शोधायला गेले. मिळेना. पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईनं तपासला, तेव्हा निघालं की कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला डेव्हिडसनचाच जुना पक्षी चोरून, पुन्हा भरून, खोटं लेबल लावलं होतं! रासमुसेन यांनी ते लेबल बाजूला ठेवलं, जुन्या खऱ्या पत्त्यांवर गेल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासोबत शहाद्याजवळ तो पक्षी जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. नंतर मेळघाटात मिळाला, २०१४ मध्ये तानसाला मिळाला.

एक खोटं लेबल, आणि शोधणारे चुकीच्या गावाला. आता विचार करा, जिथं लेबलच नाही तिथं काय. (त्या पिंगळ्याच्याही आडनावाचा वाद होताच. हेटेरोग्लॉक्स की अथेने? २०१८ मध्ये आपल्याच अभ्यासकांनी डीएनएवरून अथेने ठरवलं. फेरफार मंजूर.)

"माणसाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही उंदराचं घेऊन बसलात" अशी कमेंट येणार, मला माहीत आहे कोण करणार ते पण. त्याला उत्तर बीडचं देतो.

१९९४. मी शाळेत होतो. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्टमध्ये उंदीर पडायला लागले आणि मागोमाग माणसांना गाठी यायला लागल्या. पुढच्या महिन्यात सुरत. तेव्हा आमच्या घरी पण तोंडाला रुमाल, एसटीत कुणी खोकलं की सीट रिकामी, मेडिकलात टेट्रासायक्लिन संपलेलं. आजी सांगायची, उंदीर पडले की गाव सोडायचं, माळावर झोपड्या टाकायच्या. तिच्या आईकडून तिनं ऐकलेलं, १८९६-९७ च्या साथीनंतरचं. शहाणपण होतं ते. पण अभ्यासकांनी काय मांडलं ते बघा. प्लेग रानात टिकून राहतो तो जर्बिल नावाच्या उंदरात. लांब शेपटीचा, टोकाला केसांचा गोंडा, टुणटुण उड्या मारत पळणारा, तुम्ही हेडलाईटमध्ये बघितला असेल. तो सहजासहजी मरत नाही. घरातला काळा उंदीर मरतो, आणि मग त्याच्या पिसवा माणसाकडं येतात. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी घरं सोडली, धान्य आत राहिलं, रानातला अन् घरातला उंदीर एका जागी आला, अशी त्यावेळची मांडणी. म्हणजे संकटाची किल्ली होती 'कोणता उंदीर कुठं आहे' ह्या प्रश्नात. हा प्रश्न साथ आल्यावर विचारला तर उशीर झालेला असतो. तो आधी, काही नसताना, कंटाळवाण्या दिवसांत विचारून ठेवायचा असतो.

तेव्हा उंदराचं घेऊन बसलो ते माणसासाठीच बसलोय.

आता आपल्या डोंगराचं. १९११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं देशातल्या सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण सुरू केलं. सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी लोकांकडून पैसा गोळा केला. मिलार्डिया हे उंदराचं आडनाव त्यांच्याच नावावरून, १९११ चंच. क्रम्प नावाचा माणूस जनावरं जमवायला ठेवला. रॉटन म्हणून मुंबई इलाख्यातले निवृत्त वनाधिकारी होते, ते लंडनला बसून ओळख पटवायचे. पहिला अहवाल कुठला असेल? खानदेश. दुसरा वऱ्हाड. आपल्या डोंगराच्या खाली एक, पूर्वेला दुसरा. आपण बरोबर मधल्या बेचक्यात, पण हद्दीपलीकडं, निजामाच्या राज्यात. त्याच रॉटन यांनी १९१२ मध्ये काटेरी केसांच्या एका चिमुकल्या उंदराचं वर्णन केलं, मुस फिलिप्सी. मूळ नमुना असीरगडचा. बऱ्हाणपूरच्या पुढं, आपण इथून सकाळी निघालो तर रात्री परत येऊ. निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांचं भाग्य त्यामानानं बरं, १९३१-३२ मध्ये सालिम अलींनी त्यांचं सर्वेक्षण केलं. उंदरांना सालिम अली भेटले नाहीत.

हे सांगण्याचं कारण, आपला डोंगर म्हणजे काही उघडा माळ नाही. अंजन, धावडा, सालई, साग, पळस, कडे-कपाऱ्या, वाघूरचं खोरं. पलीकडं कन्नड-चाळीसगावच्या हद्दीवर गौताळा अभयारण्य १९८६ पासून आहे. रानाला लागून मका, कापूस, मिरची. रानउंदीर अन् शेतउंदीर एकमेकांच्या बांधावर. ज्या गडावर रोज हजारो माणसं चढतात तिथं १९७५ मध्ये नवीन जात निघते, तर इथं माणूस रात्री बॅटरी घेऊन फिरलाच नाही. मी नवीन जात आहे म्हणत नाही. जे आहे त्याची तरी हजेरी घ्या म्हणतो.

हजेरी घ्यायला कायदा आहे हो. २००२ चा जैवविविधता कायदा, प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती, आणि लोक जैवविविधता नोंदवही. हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नाही केलं तर राज्याला महिन्याला दहा लाख भरायला लावू म्हणाले. मग काय, घाईघाईनं वह्या भरल्या. आपल्याच भागातल्या एका गावची वही मी बघितली, गावाचं नाव नको. सस्तन प्राणी: वाघ (!), बिबट्या, रानडुक्कर, नीलगाय, माकड, ससा, उंदीर. शेजारच्या गावची वही काढली, तीच यादी, त्याच क्रमानं, तीच शुद्धलेखनाची चूक. मामांच्या म्हाताऱ्याला जे नाव माहीत होतं ते ह्या वहीत यायला पाहिजे होतं. वही त्याच्यासाठीच होती. म्हातारा गेला, नाव गेलं, वहीत 'उंदीर' राहिला.

आणि दुसऱ्या बाजूला, दरवर्षी उंदीर निर्मूलनाच्या नावाखाली झिंक फॉस्फाईड, ब्रोमाडायोलोनच्या वड्या. माझा विरोध शेतात उंदीर मारण्याला नाही. ज्याचं पीक जातं त्याला मी काय शहाणपण शिकवणार? पण रानाच्या कडेला, बांधावर, ओढ्यात सरसकट आमिष टाकलं की मरतो तो पीक खाणाराच असं नाही. विष खाऊन झिंगलेला उंदीर गव्हाणी घुबड उचलतं, धामण गिळते, रानमांजर नेतं, आणि त्यातलं काही त्यांच्यात उतरतं. जे फुकट उंदीर मारत होते तेच कमी झाले. मग पुढच्या वर्षी जास्त वड्या. हा हिशोब कोण मांडणार?

मला वाटतं काम फार मोठं नाही. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, बरणी असते, स्पिरिट असतं. शेतकऱ्यांच्या पिंजऱ्यात मेलेले उंदीर वर्षभर गावं वाटून घेऊन जमा केले, तारीख, गाव, शेतात की रानात एवढी चिठ्ठी लावली, आणि पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षणाचं केंद्र आहे तिथल्या जाणकारांना दाखवले, तरी दोन वर्षांत आपल्या डोंगराची यादी होईल. पोरांना प्रोजेक्ट मिळेल. कृषी खात्याला कळेल मक्यात कोण, मिरचीत कोण, अन् गोठ्यात कोण. ज्यांनी वह्या भरल्या त्यांनी त्या पुन्हा उघडाव्यात आणि गावातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांजवळ, वडार वस्तीत, ठाकर अन् भिल्ल वस्तीत बसून फक्त नावं लिहून घ्यावीत. कोणत्या उंदराला काय म्हणता, एवढंच. एलियटनं ते केलं होतं. त्याच्याकडं मोबाईलही नव्हता.

ह्यावर मी एका अधिकाऱ्यांशी बोललो, ते म्हणाले प्रस्ताव द्या. प्रस्ताव देतोय. सोमवारी देतो आणि पोचपावतीचा फोटो इथंच टाकतो.

तोवर तुमच्याकडून एक मदत पाहिजे. पिंजऱ्यात वेगळा उंदीर दिसला, शेपूट पांढरी, केस काटेरी, पोट शुभ्र, काहीही वेगळं, तर टाकून देऊ नका. उघड्या हातानं धरू नका, पिसवा असतात, हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. शेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळेल. वरून एक फोटो, पोटाचा एक, मागच्या पायाच्या तळव्याचा जवळून एक, आणि शेपटीचा पूर्ण. विषानं मेलेला असेल तर तसं लिहा. जागा सांगा, शेत की रान. मग मला इनबॉक्समध्ये पाठवा. आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी आज संध्याकाळी जेवताना विचारून बघा, पांढऱ्या शेपटीच्या रानातल्या उंदराला तुम्ही काय म्हणायचे. मामा अजून आठवतायत.